खुडल्यानंतरचा गंध

जाईचे फूल खुडले म्हणून लगेच मरत नाही. गुलाब देठावरून तुटला की त्याचा गंध उतरणीला लागतो. जाई आणि मोगरा मात्र खुडल्यावरही कित्येक तास गंध तयार करत राहतात. पाकळीत सुगंधाचे काही रेणू साखरेच्या रेणूंना बांधून साठवलेले असतात आणि त्या अवस्थेत त्यांना वास नसतो. कळी उमलू लागली की पाकळीतली विकरे ही गाठ सोडतात आणि मोकळे झालेले रेणू हवेत जातात. संध्याकाळी आणलेली मोगऱ्याच्या कळ्यांची पुडी रात्री दहाच्या सुमारास सारे घर भरून टाकते, ती यामुळे.

या पुस्तकाचा विषय जाईचे सुगंधी तेल हा आहे. ते कसे काढतात, इतके महाग का असते, त्यात भेसळ का होते, ते कशासाठी वापरावे आणि कशासाठी वापरू नये, अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना मी पुन्हा पुन्हा याच एका गोष्टीपाशी येऊन पोचलो. माणसाने या फुलाचा गंध धरून ठेवण्यासाठी जे जे केले, त्यातले उत्तम ते त्याच्या खुडल्यानंतरच्या आयुष्याला वाव देऊनच केले. जिथे घाई झाली किंवा काटकसर झाली, तिथे बाटलीत दुसरेच काहीतरी भरले गेले. प्रस्तावनेत हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची प्रकरणे कोणत्या अंगाने वाचायची ते वाचकाला कळेल.

आधी झाडांची ओळख. जॅस्मिनम या वंशात सुमारे दोनशे जाती आहेत. आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्यात पांढरी शुभ्र फुलणारी कुसर त्यांतलीच. सुगंधाच्या व्यापारात मात्र मोजक्याच जाती येतात. पाकळीच्या पाठीवर गुलाबी झाक असलेली जाई, म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, हिला उत्तरेत चमेली आणि तमिळनाडूत जातिमल्ली म्हणतात. संस्कृत वैद्यकातली जाती तीच. दुसरा मोगरा, म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक, आणि तिसरी नाजूक जुई, जॅस्मिनम ऑरिक्युलेटम. यांचे कुळ ऑलिव्हचे आहे आणि पारिजातकही त्याच कुळातला. रातराणी, तगर आणि अनंत यांचा या वंशाशी काही संबंध नाही, पण परदेशी लेबलांवर त्यांनाही जॅस्मिन म्हटलेले आढळते. म्हणून बाटलीवर वनस्पतिशास्त्रीय नाव असले पाहिजे असा माझा आग्रह आहे, आणि तो शेवटपर्यंत राहील.

जाई आणि मोगरा यांच्या तेलांत नाकाला सहज कळण्याइतका फरक आहे. जाईचे तेल उबदार, फळाकडे झुकणारे, जरासे मधाळ असते. मोगऱ्याचे अधिक हिरवे आणि ताजे असते, आणि त्यात संत्र्याच्या फुलाची आठवण देणारी एक छटा असते, कारण त्यात मिथिल अँथ्रानिलेट हा घटक जास्त असतो. दोहोंत बेंझिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल आहेत. जाईत बेंझिल बेंझोएट भरपूर असते, आणि अगदी अल्प प्रमाणात सिस-जॅस्मोन असते. जाईला जाईपण देण्यात या अल्प घटकाचा वाटा त्याच्या प्रमाणाच्या मानाने फार मोठा आहे.

आणि मग इंडोल. नुसता इंडोल नाकाशी धरला तर डांबराच्या गोळ्यांचा आणि काहीसा कुजट वास येतो. जाईच्या तेलात तो शेकड्यात दोन-तीन भाग असतो. तो काढून टाकला तर तेल स्वच्छ होते, पण निर्जीव होते. रात्री उशिरा गजऱ्याचा वास जड होतो, डोक्यात चढतो, काहींना नकोसाही वाटतो, त्याला बऱ्याच अंशी इंडोल कारणीभूत असतो. स्वस्त अगरबत्ती किंवा साबणातला जाईचा वास कधीच असा जड होत नाही. तो सकाळीही तसाच आणि आठवड्यानंतरही तसाच, कारण तो मुख्यतः बेंझिल अ‍ॅसिटेट आणि हेक्झिल सिनॅमिक अल्डिहाइड यांसारख्या कारखान्यात बनलेल्या दोन-चार रसायनांचा असतो. ही रसायने वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांना जाईचे तेल म्हणून विकणे वाईट आहे.

आता तेल काढण्याविषयी. हा भाग पुस्तकात सगळ्यांत मोठा आहे, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे.

निलगिरी, गवती चहा, लव्हेंडर यांचे तेल वाफेने काढतात. जाईला ती रीत मानवत नाही. उकळत्या पाण्यात तिचे नाजूक घटक बिघडतात, आणि मुख्य म्हणजे फूल वाफेत शिरले त्या क्षणी मरते. पुढच्या रात्रभरात ते जो गंध तयार करणार होते, तो कधी तयारच होत नाही. आपल्या पूर्वजांनी यावर काढलेला तोडगा अतिशय साधा आणि सुंदर होता. साल काढलेले तीळ पसरायचे, त्यावर ताज्या फुलांचा थर द्यायचा, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. फुले रात्रभर गंध सोडत राहतात आणि तिळातला स्नेह तो शोषून घेतो. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुले काढून नवी घालायची. असे अनेक दिवस केल्यावर ते तीळ घाण्यात घालायचे. घाण्यातून पडते ते फुलेल. उत्तर प्रदेशातले जौनपूर अशा चमेलीच्या तेलासाठी नावाजलेले होते. आपल्याकडे आजीच्या पिढीने डोक्याला लावलेले चमेलीचे तेल मुळात हेच. आज त्याच नावाने स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीत बहुधा खनिज तेल, रंग आणि कृत्रिम वास असतो.

चीनमधल्या फूचौ शहराच्या परिसरात हेच तत्त्व चहाला लावले गेले. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी चहाच्या पत्तीत मिसळतात, त्या रात्री उमलतात, पत्ती गंध शोषते, सकाळी फुले वेचून बाजूला काढतात, आणि उत्तम प्रतीच्या चहासाठी हे अनेक रात्री चालते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ साली तिथल्या मोगरा-चहा शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. तीळ आणि चहाची पत्ती, दोन्ही ठिकाणी फुलाला मारलेले नाही, जगू दिले आहे.

दक्षिण फ्रान्समधले ग्रास हे गाव मूळचे चामडे कमावणाऱ्यांचे. सुगंधी हातमोज्यांच्या निमित्ताने तिथे फुलांची शेती आणि पुढे अत्तरांचा उद्योग वाढला. तिथली थंडी जाईला सोसत नाही, म्हणून जॅस्मिनम ऑफिसिनॅले या काटक भावंडाच्या खुंटावर तिचे कलम बांधत. तेल काढण्याची तिथली जुनी रीत आपल्या तिळाच्या रीतीसारखीच होती, फक्त तिळाऐवजी चरबी. लाकडी चौकटीत काच बसवायची, तिच्यावर शुद्ध केलेल्या प्राणिज चरबीचा थर द्यायचा, आणि त्यावर एकेक फूल हाताने मांडायचे. दिवसाआड किंवा रोज फुले बदलायची. काही आठवड्यांनी गंधाने भरलेली चरबी मद्यार्कात घोळायची आणि मद्यार्क उडवून टाकायचा. जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट हेसे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रीतीची तुलना द्रावकाने अर्क काढण्याच्या नव्या रीतीशी केली. तेवढ्याच फुलांतून चरबीच्या रीतीने कित्येक पट अधिक सुगंधी तेल मिळते, असे त्यांना आढळले. द्रावकाला त्या क्षणी फुलात असलेला गंधच मिळतो. चरबीला फुलाचा उरलेला जन्मही मिळतो.

तरीही चरबीची रीत संपली. तिला फार हात लागत, आणि हातांची मजुरी वाढली. आज जगात तेलासाठी घेतलेली जवळपास सगळी जाई हेक्झेन या द्रावकात बुडवली जाते. द्रावक उडवल्यावर मेणासारखा एक घट्ट गोळा उरतो, त्याला व्यापारात काँक्रीट म्हणतात. तो मद्यार्कात विरघळवून, थंड करून, मेण गाळून काढले की उरते ते अ‍ॅब्सोल्यूट. गडद पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत रंगाचे, दाट, आणि दिवसेंदिवस काळपट होत जाणारे. जाईचे तेल म्हणून चांगल्या दुकानात जे मिळते ते हे. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे इसेन्शियल ऑइल हे नाव ऊर्ध्वपातनाने किंवा लिंबूवर्गीय सालीतून पिळून काढलेल्या तेलालाच द्यायचे असते, म्हणून प्रामाणिक विक्रेता जाईच्या बाटलीवर अ‍ॅब्सोल्यूट असे लिहितो. अलीकडे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्कही मिळू लागला आहे. तो ताज्या फुलाच्या अधिक जवळ जातो, पण महाग आहे.

कनौजची वाट वेगळी. तिथे तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून मंद आच देतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि भपक्यातले चंदनाचे तेल गंध धरून ठेवते. मोगऱ्याचे असे अत्तर मोतिया या नावाने विकले जाते. वाफेचा मोगरा आणि द्रावकाचा मोगरा एकच नव्हेत. कनौजच्या मोतियाला चंदनाची बैठक असते, आणि तो फुलाची प्रतिकृती असल्याचा दावाही करत नाही. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण चंदन महागल्यापासून भपक्यात अनेकदा लिक्विड पॅराफिन असते. अशी कुपी खरे अत्तर म्हणून विकली जाते तेव्हा फसवणूक फक्त गिऱ्हाइकाची होत नाही. चुलीजवळ उभे राहून आच सांभाळणाऱ्या कारागिराचे कौशल्यही त्यात वाया जाते.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सुगंध तयार करण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पण या शास्त्राचा मराठीशी थेट धागाही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गेल्या शतकात गंगाधर नावाच्या लेखकाचा गंधसार आणि एका अज्ञात लेखकाचा गंधवाद हे दोन ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले. गंधवादावर मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरे आणि सुवासिक तेले कशी करावीत याचे विवेचन आपल्या भाषेत कोणीतरी जाणकाराने, कोणत्यातरी गरजेपोटी, लिहून ठेवले होते. भारतीय सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासावर गोडे यांनी जे लिहिले, त्याची आठवण मराठीत जितकी राहायला हवी होती तितकी राहिलेली नाही. या विषयावर मराठीत लिहिताना आपण एका खंडित परंपरेत लिहितो आहोत, याची जाणीव मला सतत होती.

किमतीचा हिशेब वाचकाने एकदा स्वतः करून पाहावा. एक किलो अ‍ॅब्सोल्यूटसाठी सात-आठशे किलो फुले लागतात, आणि किलोभर फुलांत आठ ते दहा हजार फुले असतात. म्हणजे किलोभर तेलामागे ५६ ते ८० लाख फुले. १० मिलिलिटरच्या लहानशा बाटलीसाठी सात-आठ किलो फुले लागणार. फुलांचा भाव किलोला अगदी १०० रुपये धरला, तरी नुसती फुलेच ७००-८०० रुपयांची झाली. मजुरी, द्रावक, यंत्रे, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा. तेलाचा खरा घाऊक भाव किलोमागे लाखांत असतो. तेव्हा १० मिलिलिटर शुद्ध जाईचे तेल दोनशे रुपयांत कोणी देत असेल, तर त्यात काय असेल ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

ही फुले आज येतात कुठून? मुख्यतः इजिप्त आणि भारत या दोन देशांतून. भारतात तमिळनाडू पुढे आहे. कोइंबतूर आणि सत्यमंगलमच्या बाजूला जातिमल्ली, मदुराई आणि दिंडिगलच्या बाजूला मोगरा. मदुराई मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिथे अर्काचे कारखाने आणि गजऱ्याचा बाजार एकाच फुलासाठी स्पर्धा करतात. लग्नसराईत आणि सणांना मोगरा किलोला हजारांच्या घरात जातो, तेव्हा कारखान्याला तो परवडत नाही. आवक वाढून भाव कोसळला की उरलेले फूल कारखाना उचलतो, आणि शेतकऱ्याला निदान काहीतरी पदरात पडते. कारखान्यात मोगऱ्याच्या कळ्या दिवसा येतात, पसरून ठेवतात, आणि रात्री त्या उमलल्यावरच द्रावकात घालतात. यंत्रयुगातही त्या फुलाच्या वेळेपुढे कोणाचे काही चालत नाही.

जाईची तोडणी रात्रीच्या शेवटच्या प्रहरात सुरू होते आणि ऊन चढण्याआधी संपते. एकेक फूल हाताने तोडावे लागते, त्याला यंत्र नाही. बीबीसीने २०२४ मध्ये दाखवलेल्या वृत्तपटात इजिप्तच्या घर्बिया प्रांतातल्या जाईच्या शेतांत लहान मुले रात्री फुले तोडताना दिसली. त्या फुलांचा अर्क जगातल्या मोठ्या सुगंध कंपन्यांच्या पुरवठा साखळीत जात होता. कुटुंबाला मिळणारी मजुरी इतकी कमी, की मुलांना सोबत घेतल्याशिवाय भागत नव्हते. या फुलाविषयी लिहिणाऱ्याने ही बाब तळटीपेत टाकणे मला अप्रामाणिक वाटते. पुस्तकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

उपयोगांकडे वळू. जाईच्या तेलाचा पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग सुगंधच आहे. १९२१ साली एर्नेस्ट बो यांनी शनेल नंबर फाइव्ह बनवले, त्यात ग्रासची जाई होती आणि अल्डिहाइड या कृत्रिम रसायनांचाही मोठा हात होता. १९३० साली आलेल्या झां पातूच्या जॉय या अत्तराची ख्यातीच मुळी जाई आणि गुलाबाच्या उधळपट्टीवर उभी होती. अत्तर बनवणारे जाईला इतके मानतात याचे कारण तिचा स्वतःचा वास एवढेच नाही. ती मिश्रणातल्या इतर घटकांना सांधते, त्यांच्या कडा मऊ करते, आणि कृत्रिम घटकांनाही जिवंतपणा देते. पुढे रसायनशास्त्राने तिचे बारीक घटक वेगळे काढले. जिनिव्हात काम करणाऱ्या एद्वार देमोल यांनी सहकाऱ्यांसह १९६२ साली जाईच्या तेलातून मिथिल जॅस्मोनेट वेगळे केले. त्याचेच भावंड असलेले मिथिल डायहायड्रोजॅस्मोनेट हेडिओन या नावाने बाजारात आले, आणि १९६६ सालच्या ओ सोव्हाज या अत्तरापासून सुगंध उद्योगात त्याने कायमचे स्थान मिळवले. आज असंख्य अत्तरांत ते असते. ते लावणाऱ्याला आपल्या अंगावर जाईच्या संशोधनाचा वारसा आहे याची कल्पनाही नसते.

मिथिल जॅस्मोनेटची पुढची कहाणी मला अत्तरांपेक्षाही विलक्षण वाटते. १९९० साली अमेरिकेत एडवर्ड फार्मर आणि क्लॅरेन्स रायन यांनी दाखवले, की आर्टेमिसियाच्या एका झुडपातून हवेत जाणारे मिथिल जॅस्मोनेट शेजारच्या टोमॅटोच्या पानांपर्यंत पोचले, की त्या पानांत किडीला अपायकारक प्रथिने तयार होऊ लागतात. पुढे कळले की या कुटुंबातले रेणू असंख्य वनस्पतींत संप्रेरक म्हणून काम करतात. किडीने कुरतडले, जखम झाली, की झाड हे रेणू तयार करते. अत्तरासाठी शोधला गेलेला एक घटक वनस्पतीच्या संरक्षणयंत्रणेची किल्ली निघाला. जाईच्या तेलाने मानवी ज्ञानाला दिलेली ही देणगी कोणत्याही अत्तराच्या बाटलीपेक्षा मोठी आहे.

औषधी गुणांच्या बाबतीत मात्र मी वाचकाला सावध करणार आहे. आयुर्वेदात जातीला मान आहे, पण तो मुख्यतः पानांना. जखमांवर लावतात ते जात्यादि तेल जाईच्या पाल्यापासून, कडुनिंब, पटोल, करंज अशा इतर द्रव्यांसह सिद्ध करतात. त्याचा फुलाच्या सुगंधी तेलाशी संबंध नाही. तोंड आले की जाईचा पाला चावण्याचा घरगुती उपायही पानाचाच. बाजारात मात्र जात्यादि तेलाचे गुण जाईच्या अ‍ॅब्सोल्यूटच्या जाहिरातीत सर्रास चिकटवलेले दिसतात. हे थांबले पाहिजे.

फुलाच्या बाबतीत एक लक्षणीय प्रयोग आहे. दक्षिण भारतात, ज्या मातांना दूध बंद करायचे असते त्यांच्या छातीवर मोगऱ्याची फुले बांधण्याची जुनी रीत आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात तिची तुलना ब्रोमोक्रिप्टिन या औषधाशी केली गेली. दोन्ही गटांत दूध कमी झाले आणि दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही उतरले, पण प्रोलॅक्टिन औषधाने अधिक उतरले. लोकरूढी तपासून पाहण्याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र ते ताज्या फुलांविषयी आहे, बाटलीतल्या तेलाविषयी नाही. आणि स्तनपान देणाऱ्या आईने यातून घ्यायचा बोध उलटा आहे, छातीजवळ हा प्रयोग करू नये.

मनावरच्या परिणामांचे दावे सर्वांत जास्त ऐकू येतात. थायलंडमध्ये निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात, २०१० साली, जाईच्या तेलाच्या मालिशनंतर रक्तदाब आणि श्वासाची गती किंचित वाढली, आणि लोकांनी अधिक तरतरी वाटल्याचे सांगितले. त्याआधी जपानमध्ये जाई-चहाच्या मंद वासाने हृदयाचे ठोके कमी झाल्याचे आढळले होते. एकाने तरतरी येते म्हटले, दुसऱ्याने शांती. दोन्ही खरे असू शकते, कारण मात्रा वेगळी, मार्ग वेगळा आणि गंधाशी जोडलेल्या आठवणीही वेगळ्या. पण एवढ्याशा अभ्यासांवरून निद्रानाश किंवा नैराश्य बरे करण्याचे वचन कोणी देऊ नये. त्याच २०१० साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातले संशोधन, जाईचा वास व्हॅलियम या शामक औषधाइतका प्रभावी, अशा मथळ्यांनी जगभर छापून आले. प्रत्यक्षात त्या संशोधनात ज्या रेणूवर मुख्य भर होता तो कृत्रिम सुगंधी रेणू होता, जाईच्या फुलात तो नसतोच, आणि प्रयोग उंदरांवर व पेशींवर झाले होते. तो मथळा आजही तेलाच्या बाटल्यांसोबत फिरतो आहे.

मग वापरावे कसे? थोडेच. जाईच्या अ‍ॅब्सोल्यूटने काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने प्रसाधनांतल्या त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात दोन-तीन थेंब पुरेसे होतात. त्याहून जास्त घालून वास वाढत नाही, डोके दुखते. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. पोटात कधीही घेऊ नये. गरोदरपणी आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. बाटली अंधारात, थंड जागी, घट्ट बंद ठेवावी. थेरप्यूटिक ग्रेड असे लेबलावर छापलेले असेल तर त्याला भुलू नये, कारण अशी प्रत ठरवणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. रुमालाच्या कोपऱ्यावर, अंघोळीनंतर मनगटावर, केसांच्या तेलात, इतकीच त्याची जागा. त्वचा तरुण राहावी, केस दाट व्हावेत, वासना वाढावी म्हणून हे तेल घेणाऱ्याचे पैसे वाया जातील. रात्री उमलणाऱ्या फुलाचा गंध सकाळी कामावर जाताना सोबत असावा म्हणून घेणाऱ्याचे मात्र वाया जाणार नाहीत.

महाराष्ट्र आणि गोव्यात जाईचे अर्क काढण्याचा मोठा उद्योग नाही, पण फूल आहे आणि फुलवणारे हात आहेत. पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार या भागांत आदिवासी कुटुंबे मोगऱ्याच्या शेतीवर पाय रोवून उभी आहेत. त्यांच्या कळ्या भल्या पहाटे दादरच्या फूलबाजाराकडे निघतात. गोव्यात मार्दोळच्या म्हाळसा देवस्थानात ऑगस्टमध्ये जायांची पूजा होते, आणि तिथल्या फुलकाऱ्यांच्या घरांत जायांचे वळेसार गुंफले जातात. भाव पडतो त्या दिवशी ही फुले वाया जातात. तिळाची जुनी रीत अशा दिवसांसाठी अगदी योग्य आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत, द्रावक लागत नाही, आणि लाकडी घाणे आता पुन्हा गावोगाव सुरू झाले आहेत. कृषी विद्यापीठांनी आणि महिला बचत गटांनी मोगऱ्याचे खरे फुलेल करून पाहावे, त्याचे प्रमाण बसवावे, आणि ते प्रामाणिक लेबल लावून विकावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्याची कृती दिली आहे, ती कोणीही वापरावी.

वाचकाला एवढेच सांगायचे आहे, की पुढच्या वेळी जाईच्या तेलाची बाटली हातात घ्याल तेव्हा तिच्यावर वनस्पतीचे नाव, काढण्याची रीत आणि फूल कुठल्या मातीतले हे शोधा. सापडले नाही तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आले नाही तर बाटली परत ठेवा आणि रोपवाटिकेत जा. मोगऱ्याचे रोप शंभर रुपयांच्या आसपास मिळते आणि उन्हाच्या गॅलरीत कुंडीतही चांगले फुलते.